सात नंबरचं मशीन

चोर आधीच पकडून ठेवला होता. पोलिसांनी येऊन फक्त तो उचलायचा होता.

कराडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातून साताऱ्याच्या सायबर शाखेत मंगळवारी सकाळी फोन आला, तो याच थाटात. बोलणारे डॉ. रविराज पिसाळ, संगणक विभागाचे प्रमुख. "मॅडम, लॅबमधल्या सात नंबरच्या मशीनचं ग्राफिक्स कार्ड चोरीला गेलंय. फार महागाची वस्तू आहे. मुलगी बसवून ठेवलीय. तेवढं येऊन घेऊन जा."

उपनिरीक्षक क्रांती जगदाळे जीपमध्ये बसली. आयता चोर हातात देणाऱ्या माणसांवर तिचा भारी जीव. तपास ती त्यांच्यापासूनच सुरू करायची.

कराडात शिरल्या शिरल्या जीपची चाकं गुलाबी झाली. रविवारी नगरपालिकेचा निकाल लागला होता. कॉलेजच्या संस्थेचे सेक्रेटरी हंबीरराव, त्यांचा मुलगा राजवर्धन निवडून आला होता. मग काय विचारता! जेसीबीच्या बकेटमधून गुलाल ओतला होता. दुभाजक गुलाबी, गटार गुलाबी, पानपट्टीवाल्याचं कुत्रं गुलाबी. शहाण्यासुरत्या लोकांनी ट्रॅक्टरवर मोठा पडदा लावून हंबीररावसाहेबांचेच फोटो साहेबांना दिवसभर दाखवले होते. एकाही मतदाराला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मुलगी सेमिनार हॉलमध्ये कोपऱ्यात बसली होती. सकाळी याच हॉलमध्ये सगळ्या वर्गांसमोर माइकवरून तिला चोर म्हणून झालं होतं.

"नाव?" क्रांतीनं विचारलं.

"आम्रपाली बनसोडे. एमटेकच्या शेवटच्या वर्षाला हाय."

"गाव?"

"कोयनानगर. वडील मिलिंद बनसोडे, धरणाच्या कॉलनीत असतात."

"शनिवारी संध्याकाळी लॅब तू बंद केलीस?"

"व्हय. किल्ली पिसाळ सरांच्या हातात दिली आणि तशीच एसटी धरून घरी गेले. आज सकाळी आले."

"सर म्हणतात किल्ली तुझ्याकडंच होती. शनिवारी निघताना तूच कार्ड काढून नेलंस."

"सर म्हणतात म्हणजे तसंच असंल की." ती खुर्चीत पुढं सरकली. "मॅडम, माझी सरकारी नोकरीत निवड झालीय. या आठवड्यात पोलीस पडताळणी हाय. माझ्या नावावर गुन्हा चढला तर सगळं संपलं. मला एवढंच सांगा, तुमी आधी बघणार का आधी लिहिणार?"

"बघणार," क्रांती म्हणाली.

लॅबमध्ये पिसाळ सर तयारच होते. पांढराफेक शर्ट, सोनेरी काड्यांचा चष्मा आणि हातात भाषणाच्या वेळी पडद्यावरची चित्रं पुढं सरकवायचं ते बोटभर बटन. त्यातून लाल ठिपका मारून ते माणसांनासुद्धा दाखवत होते. त्यांनी ठिपका सात नंबरच्या मशीनवर ठेवला.

"छान आहे हो हे," क्रांती म्हणाली.

सर खुलले. "सिंगापूरचं. कॉन्फरन्सला गेलो होतो तेव्हा घेतलं. याचा हा रिसीव्हर, कम्प्युटरला लावायचा. अख्ख्या कराडात असं दुसरं सापडायचं नाही. मी कुणाच्या हातात देत नाही."

"रविवारी तुम्ही कुठं होता?"

"सांगलीला, सासरवाडीला. सकाळीच गेलो, सोमवारी परत आलो."

"साहेबांच्या मिरवणुकीला नव्हता?"

"छे! मला गुलालाची अ‍ॅलर्जी आहे. आणि राजकारण हा आपला प्रांत नव्हे, मॅडम."

प्रांत नव्हे म्हणे. संस्थेत बढती कशावर मिळते ते शेंबड्या पोराला ठाऊक असतं.

क्रांतीनं मशीनवरून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. शेजारच्या सहा नंबरवर मात्र बोटानं नाव लिहावं इतकी धूळ. दारात शिपाई बिराप्पा उभा होता, जतकडचा. "हेच एकटं बरं चकचकीत?" तिनं विचारलं.

"सरांनी काल पुसून घेतलं की माझ्याकडनं. वल्या फडक्यानं. म्हनले, आतनंबी हात फिरव जरा."

"स्वच्छता नको का?" सर म्हणाले.

क्रांतीनं खुर्ची ओढली आणि काळी खिडकी उघडली, नुसत्या अक्षरांची. पिसाळ सरांनी तोंड वाकडं केलं. त्यांना कम्प्युटर म्हणजे रंगीत चित्रं आणि टाळ्या.

तिनं `lspci` टाइप केलं. मशीनला काय काय जोडलंय, ते या हुकमासरशी दिसतं. पडद्यावरची चित्रं चालवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचं नाव खरंच नव्हतं.

"बघा! मी काय सांगत होतो!"

तिनं `uptime` टाइप केलं. मशीन सकाळपासून चालू आणि काम शून्य, नुसतं बसून. मग `sensors`. प्रोसेसरचं तापमान आलं एक्याण्णव अंश.

शेजारच्या सहा नंबरवर तिनं हेच केलं. तिथं अडतीस.

"काम काही नाही आणि अंग असं का तापलंय याचं?"

"जुनं झालंय."

"दोन्ही एकाच दिवशी आलीत, सर. सहा नंबरला कसा ताप नाही?"

सरांनी बटन खिशात घातलं.

आता तिनं `journalctl` लावलं. मशीन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत त्याच्याशी जे जे घडतं, त्याची नोंद ते स्वतःच ठेवतं. कुणी सांगावं लागत नाही. शनिवारची संध्याकाळ तिनं वाचली, मग रविवार. सर मात्र बोलत राहिले. आजकालची मुलं, संस्कार, आरक्षण अशी त्यांची गाडी घसरत चालली होती.

"स्क्रू ड्रायव्हर आण," ती बिराप्पाला म्हणाली. "आणि हंबीररावांना बोलाव. त्या मुलीलाही."

हंबीरराव आले. मानेच्या वळ्यांत अजून गुलाल होता. "आवं मॅडम, एवढ्याशा गोष्टीला मला कशाला?"

क्रांतीनं मशीनचं झाकण काढलं. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली पातळ पत्र्यांची जाळी असते, हवा जायला. त्या जाळीत लापशीसारखं काहीतरी वाळून दगड झालं होतं. रंग गुलाबी.

"लॅबच्या खिडक्या बंद, लॅब तिसऱ्या मजल्यावर," ती म्हणाली. "गुलाल जिना चढून आला?"

तिनं नखानं त्यातला एक तुकडा खरवडून काढला.

"मीच सांगते मग. गुलालात पीठ असतं. सुका असता तर फुंकणीनं निघाला असता. सरांनी ओलं फडकं फिरवायला लावलं आणि आत खळ शिजली. मशीनला श्वास घेता येईना म्हणून ते तापलं. गुलाल आत गेला म्हणजे मशीन गुलालात गेलं होतं. कधी? त्याच्या नोंदीत लिहिलंय. रविवारी ते सुरू झालं. लॅबच्या नेटवर्कची तार दिवसभर जोडलेली नव्हती. वीज दोनदा धाडकन गेली, जनरेटरवर जाते तशी. आणि ग्राफिक्स कार्ड रविवारी त्याच्या जागेवर होतं, संध्याकाळी बंद पडेपर्यंत नीट चालत होतं."

आम्रपालीनं मान वर केली.

"शनिवारी चोरलेलं कार्ड रविवारी मशीनमध्ये कसं होतं, सर? तेव्हा ही पोरगी कोयनानगरला होती."

"कुणीतरी नेलं असेल मिरवणुकीत," पिसाळ म्हणाले. "एवढ्या मोठ्या पडद्याला ताकदीचं मशीन लागतं. कार्यकर्त्यांनी..."

"माझ्या कार्यकर्त्यांवर ढकलता व्हय?" हंबीरराव म्हणाले.

"पडदा होता हे तुम्हाला सांगलीत कळलं का?" क्रांतीनं विचारलं. "बरं, ते असू द्या. खिशातलं बटन काढा. रिसीव्हर इथं लावा."

"कशाला?"

"लावा म्हणते ना."

त्यांनी लावला. क्रांतीनं `lsusb` टाइप केलं. जोडलेल्या वस्तूंच्या यादीत रिसीव्हरचं नाव आणि नंबर आला. तिनं शेजारच्या खिडकीत रविवारची नोंद उघडली. तेच नाव, तोच नंबर, दुपारी जोडलेला.

"कराडात दुसरं नाही आणि कुणाच्या हातात देत नाही, असं तुम्हीच म्हणालात. डॉक्टरेट घेतलेला माणूस तोंडाला रुमाल बांधून ट्रॅक्टरमागं उभा राहतो आणि दुपारपासून बटन दाबून साहेबांचे फोटो पुढं सरकवतो. केवढी ही विद्या! गुलालानं कार्ड जळलं. मग शाबासकी मागायचीही सोय राहिली नाही. कार्ड कुठाय?"

पिसाळांचा चष्मा घसरला. "सांगलीत. दुरुस्तीला. सोमवारी दिलं. होत नाही म्हणाला तो." मग ते हंबीररावांकडं वळले. "साहेब, मी तुमच्यासाठीच... ऑपरेटरचा लॅपटॉप सारखा अडकत होता..."

हंबीररावांनी त्यांच्याकडं ढेकूण बघावा तसं बघितलं. "फोटू कोण फिरवतंय ते मी इचारलं बी न्हाई. मला वाटलं, भाड्याचा माणूस हाय."

एवढ्या वर्षांच्या चाकरीची किंमत ही झाली.

"आणि हिचंच नाव का घेतलं?" क्रांतीनं विचारलं.

पिसाळ चष्मा पुसायला लागले.

"मी सांगते," आम्रपाली म्हणाली. "बाकी सगळी कुणाची ना कुणाची हायत. कुणी संचालकाचा भाचा, कुणी कारखान्याच्या चेअरमनचा पाव्हणा. माझ्यासाठी फोन करणारं कुणी न्हाई. म्हणून."

हंबीरराव खाकरले. "हे बघा मॅडम, मशीन संस्थेचं, तक्रार संस्थेची. आमी मागं घेतो. नवीन कार्ड बसवू. पोरी, तुझी बी नोकरी सुटायची न्हाई. ईषय मिटला."

"तक्रार मागं घेतली तर मी काय ठरले?" आम्रपाली म्हणाली. "दया येऊन सोडलेली चोर. गावात कोण काय बोलंल ते मला म्हाईत हाय. मला हॉलमध्ये चोर म्हणालात. तिथंच, सगळ्यांपुढं सरांनी खरं सांगायचं."

"एवढं ताणू नगं गं."

"ती ताणत नाही, साहेब. खोटी तक्रार देऊन पोलिसांना बोलावलंय. तो गुन्हा मी पिसाळांवर नोंदवणारच," क्रांती म्हणाली. "हॉलमध्ये बोलून मग ठाण्यात चला. एवढी सवलत तुम्हाला, सर."

पोरं पुन्हा हॉलमध्ये जमली. पिसाळ माइकसमोर उभे राहिले.

"काही गैरसमजातून... कार्ड बाहेर नेलं गेलं होतं. त्याबद्दल संबंधितांना झालेल्या त्रासाबद्दल..."

आम्रपाली पहिल्या रांगेतून उठली. "कुणी नेलं, सर?"

सरांनी हंबीररावांकडं बघितलं. हंबीरराव मोबाइलमध्ये बघत होते.

"मी," पिसाळ म्हणाले.

"आणि माझं काय?"

"आम्रपाली बनसोडेनं चोरी केलेली नाही. मी खोटं बोललो."

ती तशीच उभी राहिली, शेवटच्या बाकावरच्यांपर्यंत ते पोचेतोवर. मग बॅग घेतली आणि पडताळणीची कागदपत्रं आणायला होस्टेलकडं गेली.