पापुद्र्याखाली

कोनाळवाडीत नऊ वर्षांत कुणाचे पाय चिखलानं मळले नव्हते. शेतं जिथल्या तिथंच होती, पण बांधापासून बांधापर्यंत त्यांच्यावर जांभळट झाक असलेला पापुद्रा अंथरलेला होता. वारा त्यावरून घसरून जाई. पाऊस बारीक छिद्रांतून आत मुरे, आणि मातीचा कणही ओढ्याला लागत नसे. उरलीसुरली माती वाचवायची म्हणून सरकारकडून शेतांना पंधरा वर्षांची सुट्टी आणि मालकांना घरबसल्या धान्य. लोक आधी हसले, मग सवयीचं झालं. नुकसान झालं ते केरसुण्या विकणाऱ्याचं.

शिवकांताबाईंनी मात्र भोकासाठी हट्ट धरला होता. शेताच्या कोपऱ्यात त्यांच्या नवऱ्याची, महारुद्रअप्पांची, समाधी होती. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत. बसवून पुरतात, जमलं तर स्वतःच्याच रानात. तिथं बेल लावायचा होता. झाडापुरता पापुद्रा कापून द्या, म्हणून त्या तालुक्याला इतक्या वेळा गेल्या, की अखेर पापुद्रा बनवणाऱ्या डॉ. उर्मिला देवधर स्वतःच आल्या.

"झाड जगणार नाही, मावशी," उर्मिला म्हणाली. "खालची माती झोपलीय."

"माती झोपते होय? माझी सून झोपते, ते ठाऊक होतं."

उर्मिला हसली आणि बांधावर टेकली. "असं बघा. रुंद सतरंजीवर माणूस कसाही लोळतो. अरुंद बाजेवर दोन-तीनच कुशी जमतात, बरोबर? विजेच्या कणांचं तसंच आहे. हा पापुद्रा अर्धवाहकाचा, म्हणजे मनात आलं तर वीज नेणार, नाहीतर नाही, अशा पदार्थाचा. केसाच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ. एवढ्या अरुंद जागेत कणांना ठरावीक अवस्थांतच राहता येतं. कोणत्या, ते जाडीवर ठरतं. आणि जाडी आमच्या हातात."

"मग तुम्ही त्यांना कुठल्या कुशीवर निजवलं?"

"ऊन पडलं की पापुद्रा आणि मातीच्या मधली भिंत पार करून खालच्या ओलीत उतरतील, अशा. भिंत इतकी पातळ, की त्यांना अडवत नाही. मातीतले जीव कुजवतात म्हणजे काय करतात, अन्नातले असलेच कण काढून पुढच्याच्या हाती देतात. आमच्या कणांनी ती वाटच तुंबते. देणंघेणं थांबलं की कुजणं थांबतं. मातीतला कस जसाच्या तसा राहतो."

शिवकांताबाईंनी पापुद्र्यावरून हात फिरवला. "माझी सासू रानात पालापाचोळा पसरायची. तीही म्हणायची, मातीवर पांघरूण घालावं. पण तिचं पांघरूण दोन वर्षांत मातीच व्हायचं."

"ते कुजायचं. हे कुजू देत नाही."

"काहीच?"

"काहीच नाही," उर्मिला अभिमानानं म्हणाली.

"अप्पा गेले त्या तापाच्या साथीत. तुमची माणसं पापुद्रा घेऊन आली, ती त्यांच्या तिसऱ्या दिवशी."

उर्मिलेचा चेहरा हळूहळू उतरला. या योजनेवर वीस जणांनी काम केलं होतं. गांडुळांचा विचार झाला होता, वाळवीचा, उंदरांचाही झाला होता.

"तुमच्यात जाळतात," शिवकांताबाई समजुतीनं म्हणाल्या. "तुम्हाला कसं सुचावं?"

उर्मिलेनं पातं काढून समाधीवरचा हातभर पापुद्रा कापला. दोघींनी हातांनीच माती उकरली. काळी, ओलसर, उत्तम माती. पण तिला वास नव्हता. वीतभर खाली बेलाचं पान लागलं. माती लोटताना लोकांनी टाकलेल्या पानांतलं. ते आत्ताच तोडल्यासारखं हिरवं होतं.

शिवकांताबाईंनी ते पदराला पुसलं. "म्हणजे तेही."

"हो."

"आणि मी नऊ वर्षं सांगत फिरतेय, अप्पांची माती झाली म्हणून." त्यांनी पान उलटसुलट करून पाहिलं. "हे उघडं ठेवलं तर?"

"आजपासून कुजणं सुरू होईल. माती जागी झाली, की तुमचा बेलही जगेल."

त्यासाठीच तर एवढे खेटे घातले होते. बेलाचं रोप पिशवीत तयार होतं. शिवकांताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं, आणि माती परत आत लोटायला लागल्या.

"मावशी?"

"माझं एकदा रडून झालंय, म्याडम. आज घरी जाऊन पुन्हा कुठून सुरू करू? लावा तुमचं ठिगळ."

उर्मिलेनं ठिगळ बसवलं. कडा जुळल्या, जांभळी झाक पुन्हा सलग झाली. कोपऱ्याकोपऱ्यावर या समाधीसारखेच ठेंगणे, जांभळे उंचवटे तिला आता दिसायला लागले. याच्या शेतात एक, त्याच्या शेतात दोन. साथीत हे गाव अर्धं झालं होतं.

"सहा वर्षांनी हे सगळं काढणार ना?" शिवकांताबाईंनी विचारलं.

"हो. योजनेतल्या बाराही गावांतलं. एकाच दिवशी."

रोपाची पिशवी उचलून शिवकांताबाई उठल्या. गावाकडे, घरांच्या ओळीकडे बघत म्हणाल्या, "साथीत तर एकेक करून गेले होते. आज यांच्याकडे भेटायला जा, उद्या त्यांच्याकडे. आता सगळ्यांचे एकदमच जाणार. मग म्याडम, कुणी कुणाकडे जायचं?"