डाव्या पायाची शिकवणी

तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये. पण याच लकडगंजात, एका लाकडाच्या टालीमागच्या घरात, धडधाकट भावाने सख्ख्या बहिणीकडे लंगडण्याची शिकवणी लावली होती. बसा, सांगतो. घर अब्रूदार आहे म्हणून नावं बदलतो. बहिणीला म्हणू गोपिका, भावाला सुशील.

तर त्या दिवशी बापाने गोपिकेच्या हातातला अर्ज काढून घेतला... पोलिओने सुकलेल्या डाव्या पायापायी जिचं अर्धं आयुष्य मागच्या खोलीत गेलं, त्या पोरीने पहिल्यांदाच स्वतःसाठी काही मागितलं होतं. दिव्यांगांसाठी कायदा शंभरात चार जागा राखतो. एका सरकारी कार्यालयात कारकुनाची अशी एकच जागा निघाली होती, पायाने अधू असणाऱ्यांसाठी. आणि सुशील खुल्या जागांच्या परीक्षेत तीनदा नापास झालेला.

"तुले काय करायची नोकरी?" बाप म्हणाला. "तुयं लग्न तर होत नाही. पोराचा संसार लागू दे. त्याच्या गुडघ्यात रॉड आहे, अपघाताचे कागद आहेत. फक्त लंगडता आलं पाहिजे. ते तू शिकव."

"दोन-तीन महिन्याचं काम आहे वं ताई," सुशील म्हणाला.

गोपिकेचं अंतःकरण विदीर्ण झालं... हाच तो भाऊ, ज्याच्या सोयरिकीसाठी ती तीनदा मागच्या खोलीत, बाहेरून कडी लावलेली असताना, खोकलासुद्धा गिळून बसली होती! पाहुण्यांना सांगायचे, पोरगी मौद्याला मावशीकडे असते. तिने ते सारं प्रेमाने सोसलं होतं. पण आज त्यांना तिचा पायही हवा होता.

"शिकवते," ती शांतपणे म्हणाली. "पण मायासारखं राहावं लागन. नुसतं चालणं वेगळं काढून शिकवता येत नाही."

आणि त्याच दुपारी तिने दुसरा अर्ज भरून टाकला, कोणाला न सांगता.

मग काय विचारता! गुडघ्यावर हाताचा रेटा देत ती पुढे, तसाच रेटा देत तो मागे. अंगणातून टालीवर, टालीवरून बाजारात. महिन्याभरात टालीवरची मांजरंसुद्धा लंगडू लागली, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. बाजारात एक हमाल ओरडला, "ओ लंगडे, बाजू हो." सुशीलने रागाने मान वर केली.

"खाली पाहा," गोपिका म्हणाली. "आम्ही वर पाहत नसतो."

बसच्या पायरीवरून तो पडला, तेव्हा ती हात न देता उभी राहिली. त्याने कधी दिला होता?

एके दुपारी, बाप टालीवर असताना, पोरीकडचे पाहुणे सुशीलला पाहायला आले. गोपिकेने त्याला मागच्या खोलीत ढकललं आणि कडी घातली.

"ताई, कडी काढ ना वं! मलेच तर पाहायले आले."

"लंगड्या माणसाले पाहुण्यासमोर आणत नाहीत, सुशील. या घरचा नियम आहे."

जन्मात पहिल्यांदा तिने स्वतःच्या हाताने पाहुण्यांना चहा दिला. "भाऊ मौद्याले गेला, मावशीकडं," ती हसून म्हणाली... आणि तिच्या दग्ध हृदयावर कुणीतरी चंदन लावल्यासारखं झालं.

मेडिकल बोर्डाच्या दिवशी तीन डॉक्टरांसमोर सुशील असा चालला, असा चालला, की विचारू नका. मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं.

"रॉड उजव्या पायात आहे," ते म्हणाले. "तुम्ही डाव्याने का लंगडताय?"

तिचा डावा पाय अधू, म्हणून तो डाव्यानेच शिकला होता! बापाच्या लक्षात आलं नाही, त्याच्या आलं नाही. तिच्या पहिल्याच दिवशी आलं होतं.

जागा गोपिकेला मिळाली. निवडपत्र आलं, त्या संध्याकाळी सुशील तिच्यासमोर उभा राहिला.

"तुले माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मंग बोलली काहून नाही?"

"मी कडीमागं बसून राहत होती, तवा तू तरी कुठं बोलला?"

तो मटकन खाली बसला, लहानपणीसारखा रडला. मग उठून पेचकस आणला आणि मागच्या खोलीची कडीच उखडून अंगणात फेकली. गोपिकेने त्याच्या डोक्यावर हात ठेवला... सूड पुरा झाला होता.

आणि बाप? तो पाषाणहृदयी बाप तिच्या पायाशी बसला हो! तो सुकलेला पाय त्याने मांडीवर घेतला, आसवांनी भिजवला आणि म्हणाला, "माये, मले माफ कर..."

माझ्यापुढे ऐकत बसलेले टालीवरचे हमाल डोळे पुसू लागले. मी पुढे सांगणार, तेवढ्यात मागे नवी कुबडी वाजली. गळ्यात कार्यालयाचं ओळखपत्र, हातात माझा जेवणाचा डबा. कधीची उभी होती, कोण जाणे.

"बाबा," माझी लेक डबा ठेवत सर्वांसमोर म्हणाली, "कडी खरी आहे. डावा पाय खरा आहे. माफी तेवढी खोटी आहे. ती अजून कोणी मागितली नाही."