खुशीचे दात आणि मामाचं मन

पवनारला एसटी थांबली. एक चिमुरडी पेरू खात चढली आणि मंजुषाच्या समोर बसली. तिचा जबडा हलताना पाहून मंजुषाला राहवलं नाही.

"बाळा, दातांवर दात ठेवून दाखव बरं."

तिच्यासोबतचा तरुण चमकला. "काऊन जी?"

"मी दातांची डॉक्टर आहे. हिचे वरचे पुढचे दात खालच्यांच्या मागे बसतात. वय किती?"

"सात. माही भाची, खुशी. पण तारा तर बारा-तेराव्या वर्षी लावतात ना?"

"तारा तेव्हा. दाखवायचं मात्र सातव्या वर्षी. सगळ्यांनाच लगेच उपचार लागत नाहीत... पण असा उलटा चावा आत्ता सोपा, पुढे अवघड."

"बसमधल्या सगळ्यांचेच दात पाहता का?" त्याच्या डोळ्यांत हसू होतं.

"पाहण्यासारखे असले तर—" ती बोलून गेली, आणि तिचेच कान तापले.

त्याचं नाव मुकेश. पवनारला वांगी-टमाटे पिकवायचा. "पडणाऱ्या दाताले कायची दवा?" म्हणत त्याची आई सुमित्राबाई अडून बसली, तरी तो खुशीला घेऊन वर्ध्याला मंजुषाच्या दवाखान्यात आलाच. तिनं काढता-घालता येणारी प्लेट बसवली. मग दर तीन आठवड्यांनी दोघं यायचे. तपासणी पाच मिनिटांची, गप्पा अर्ध्या तासाच्या. तो यायच्या दिवशी मंजुषा सकाळपासून घड्याळ पाहायची.

चौथ्या महिन्यात खुशीचे वरचे दात खालच्यांपुढे छान येऊन बसले.

"आता सहा महिन्यांनी दाखवा," मंजुषा म्हणाली. काम फत्ते झालं होतं, तरी तिनं खुशीची फाइल मिटली नाही.

"सहा महिने?" मुकेश जागचा हलेना. "लवकर नाई येता येत?"

"खुशीला गरज नाही."

"मी खुशीचं नाई म्हणून राह्यलो..."

खुर्चीतून खुशीच ओरडली, "मामा, बोल ना! बसमध्ये तर म्हणे, आज इचारतोच!"

मुकेशच्या कपाळावर घाम फुटला. "मॅडम, तुम्ही डॉक्टर, मी वांगेवाला. पण मले... तुमच्याशीच लगन करायचं हाय."

मंजुषा मूळची आर्वीची. दवाखान्यात मात्र जपून, पुस्तकी बोलायची. ते सगळं त्या क्षणी गळून पडलं.

"चार महिने वाट पाहून राह्यली मी!" ती हसली, डोळे पुसत. "रविवारी आर्वीले येजो. बाबा घरीच राह्यते. अन् आईले संग आणजो."