उलटं न फिरणारं रीळ

वहिनींनी फोन करून बोलावलं तेव्हा मिस्त्रीला वाटलं, नेहमीसारखा नळ गळत असेल. शिवणयंत्रं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. पण दादा गेल्यापासून वहिनींच्या घरातलं काहीही बिघडलं की हाक त्यालाच यायची. जिना चढून वर गेला तर वहिनींनी चाचपडत कपाटातून दादाचं मासे पकडायचं जुनं रीळ काढलं.

"एवढं नीट करून द्या, भावोजी. डोळे तर गेले. निदान ह्याचा आवाज तरी ऐकते."

मिस्त्रीनं ते हातात घेतलं. बारा वर्षांपूर्वी दादानं हेच रीळ त्याच्याकडे दिलं होतं. आतला खटका मोडला होता, त्यामुळे फिरवायची मूठ सोडली की ते भर्रकन उलटं फिरायचं. "उद्या बघतो" म्हणत मिस्त्रीनं आठ दिवस काढले. शेवटी वैतागून दादानं ते परत नेलं, मित्राकडून तसंच दुसरं मागून घेतलं आणि तलावावर गेला. तिथं ते हातातून निसटलं. परक्याची वस्तू, म्हणून दादा तिच्यामागे पाण्यात उतरला. ना तो सापडला, ना ते रीळ. त्या आठ दिवसांबद्दल मिस्त्री कुणाला बोलला नव्हता.

त्यानं काम मन लावून केलं. सगळे भाग रॉकेलात बुडवले, दगडासारखं झालेलं ग्रीस खरवडलं, चाकाच्या दातांमधली घाण सुईनं काढली. स्प्रिंग शिवणयंत्राचीच चालून गेली. घोडं अडलं ते खटक्यापाशी. कंपनी कधीच बंद पडलेली. पितळेचा घडवला तो दोन दिवसांत झिजला, पोलादाचा केला तो दातच खायला लागला. भंगारवाल्यांचे उंबरे झिजवले, आणि शेवटी गळ-जाळी विकणाऱ्या एका म्हाताऱ्यानं फळीवरून चिखलानं माखलेलं रीळ खाली काढलं.

"हुबेहूब तुमचंच. तलावात कुणाच्या तरी गळाला लागलं होतं."

"कधी?"

"झाले चार दिवस. बाकी सगळं सडलंय. खटका तेवढा बघा... काल बसवल्यासारखा."

मिस्त्रीनं ते ओळखलं, दादाबरोबर तलावात गेलेलं हेच ते. हात मागे घ्यावासा वाटला. पण बारा वर्षं उरावर असलेलं ओझं एकदाचं उतरेल, या आशेनं त्यानं खटका घेतला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो वहिनींसमोर बसला आणि मूठ फिरवू लागला. किर्र... किर्र... वहिनींचा चेहरा उजळला.

रिळावर गळाचा दोरा, तंगूस नव्हता, नुसतीच रिकामी चकती. तरी दहाबारा फेऱ्यांनंतर मूठ जड झाली. दुसऱ्या टोकाला भिजलेलं पोतं असावं तशी. खोलीत कुजक्या गाळाचा वास पसरला. मिस्त्रीचा हात थबकला.

"थांबू नका, भावोजी. येताहेत..."

"कोण, वहिनी?"

उत्तराऐवजी त्यांनी त्याच्या हातावर आपला थंडगार हात ठेवला आणि मूठ पुढे ढकलली. किर्र.

मिस्त्रीचा धीर सुटला. "वहिनी, चूक माझी होती... मी वेळेवर करून दिलं असतं तर दादा..."

"माहीत आहे मला," त्या हळूच म्हणाल्या. "जाताना सांगून गेले होते. म्हणून तर तुम्हालाच बोलावलं."

त्यानं दोन्ही हातांनी मूठ उलटी फिरवून पाहिली. नवा खटका घट्ट बसला होता. रीळ तसूभरही मागे हटेना.

हात सोडवून तो दाराकडे धावला आणि चौकटीतच खिळला. मघाशी तो कोरड्या जिन्यानं वर आला होता. आता तळापासून पायरी न पायरी ओली होती, पाणी निथळत होतं. फक्त सगळ्यात वरची पायरी कोरडी होती. खाली उतरायला दुसरी वाट नव्हती.

मागे वहिनींनी मूठ आणखी एकदा फिरवली.