पैनगंगेच्या रेतीतली घुंगरं

"ऐका! पुन्हा वाजलं!" फुलचंदने हातातली टरबुजाची फोड तशीच खाली ठेवली.

छुन्... छुन्...

सूर्य मावळत होता. पैनगंगेचं पाणी पार पलीकडच्या काठाला चिकटून वाहत होतं. अलीकडे नजर पोचेल तिथवर नुसती रेती! १९६१ सालचा मे महिना. सत्यशीलेचे मामा कालव्याच्या मोजणीवरचे इंजिनिअर. त्यांच्या छावणीत सुट्टी घालवायला ती आणि तिच्या वर्गातला, याच भागातल्या बंजारा तांड्यातला फुलचंद आले होते. खानसामा गफ्फारचाचांचा मुलगा हाफिज तिथे होताच. थाट तर राजेशाही! तंबूत जाजम, लोखंडी खाटा, मच्छरदाण्या, आंघोळीला जस्ताचा टबसुद्धा!

पण आता समोर माणूस नव्हतं, जनावर नव्हतं, आणि घुंगरं वाजत होती.

"आमच्या तांड्यात सांगतात," फुलचंद हळूच म्हणाला, "लई वर्षांमागं मिठाचे बैल घेऊन एक तांडा नदी उतरून राह्यला होता. मधातच पूर आला. नवी नवरी वाहून गेली. तीच वाजवते म्हणे."

"म्हणून तिकडे जायचं नाही!"

तिघेही दचकले. मागे ओव्हरसियर पदमवार उभे होते. मामा कामासाठी वणीला गेल्यापासून छावणी त्यांच्या ताब्यात होती. "त्या पळसाच्या पलीकडे एक पाऊल टाकाल तर खबरदार!" ते बोलले, पण रेतीकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच रेती तापली. वारा पडला आणि पुन्हा तोच आवाज आला. कालच्यापेक्षा संथ.

"दमल्यासारखं वाजतंय," सत्यशीला म्हणाली. "काय रे हाफिज, भूत दमतं का?"

"मले काय ठाऊक! मी कधी भूत होतो?"

"मग बघायलाच हवं!"

पण पदमवार बनियन-लुंगीवर तंबूसमोरच बसले होते. हाफिजने डोळा मिचकावला आणि ओरडला, "काका! साहेबांची जीप! ती पाहा धूळ!"

पदमवार धडपडत पँट शोधायला आत पळाले! तिघांनी पाण्याची छागल उचलली, तंबूचा दोर उचलला आणि धूम ठोकली.

पळसापलीकडे आवाज थांबला. इतकं सामसूम, की स्वतःचा श्वास ऐकू येत होता. फुलचंदने सत्यशीलेचा हात घट्ट धरला.

"कोण आहे?" ती ओरडली.

छुन्!

हाफिज दोन पावलं मागे सरला. "चल ना परत! ते जबाब देऊन राह्यलं!"

 तरी सत्यशीलेने पुन्हा हाक दिली, "जिवंत असशील तर तीनदा वाजव!"

 मग... छुन्. छुन्. छुन्.

आवाज पायांखालून आल्यासारखा वाटला! चार पावलांवर पळसाच्या फांद्या मधोमध खचल्या होत्या आणि खाली काळं भोक होतं.

"आडवे व्हा! काठ ढासळतोय!" सत्यशीला ओरडली.

तिघे पोटावर सरपटत गेले. दोन पुरुष खोल खड्डा! तळाशी गुडघ्यापर्यंत रेतीत रुतलेली म्हातारी. तिचे ओठ हलत होते, पण घसा कोरडा पडला होता. हलत होतं फक्त घुंगरांचं कडं घातलेलं मनगट.

"रुपीआजी!" फुलचंद किंचाळला. "शेजारच्या तांड्यातली! बकऱ्या चारते!"

त्यांनी छागल खाली सोडली. हाफिज वाऱ्यासारखा पळाला आणि गफ्फारचाचांना, मोजणीवरच्या दोन खलाशी मजुरांना, लोखंडी खाटेसकट घेऊन आला! काठावर भार नको म्हणून चाचांनी खाट खड्ड्यावर आडवी टाकली. पण म्हातारीच्या काखेत दोर बांधणार कोण?

"मी सगळ्यांत हलकी," सत्यशीला म्हणाली. "मला सोडा."

"बेटी, साहेबांना मी काय सांगू?"

"चाचा, ती रेती बघा ना!" मूठमूठ रेती सारखी खाली घसरत होती.

चाचांनी तिला उतरवलं. तिने हातांनी रेती उपसली, म्हातारीचा मोडलेला पाय अलगद सोडवला, गाठ मारली. आधी रुपीबाई वर गेली. मग सत्यशीला. तिचे पाय काठाला लागतात न लागतात तोच अर्धा काठ धप्पकन आत कोसळला!

चाचांनी रुपीबाईच्या पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या. संध्याकाळी जीप खरंच आली, आणि लगेच डॉक्टरांना आणायला परत धावली. मामांनी पदमवारांना समोर उभं केलं. "मोजणीत जमीन तपासायला खणलेले सगळे खड्डे बुजवले, असं लिहून दिलं होतं तुम्ही!"

"नुसत्या फांद्या टाकल्या होत्या, साहेब. माणसं कमी होती..." पदमवार पुटपुटले. "अन् आवाज आला तर मले... मले खरंच भूत वाटलं."

"आणि मी न बघता सही केली," मामा खिन्नपणे म्हणाले. "उद्या पहाटेपासून एकेक खड्डा बुजवायचा. तुम्ही आणि मी, दोघं मिळून. पोरांनो, आज तुम्ही आमची लाज राखली!"

मामांच्याच खाटेवर रुपीबाई पडून होती. तिने तिघांना जवळ बोलावलं. आवाज अजून घोगरा होता.

"काल दुपारपासून वाजवून राह्यली होती मी," ती म्हणाली. "वरून खलाशी गेले, डांगरवाडीतले टरबूजवाले गेले. साऱ्यांनी ऐकलं अन् साऱ्यांनी पळ काढला. कोन हाये म्हणून मले कोनी इचारलंच नाही. तुम्ही इचारलं, लेकरांनो."

 सत्यशीलेने पाण्याचा पेला रुपीबाईच्या ओठांना लावला.