सवतीची पुतळी

सोनार, शिंपी, कुलकर्णी आप्पा, यांची संगत नको रे बाप्पा, असं लोक आम्हा सोनारांच्या तोंडावर म्हणतात. मीही हसतो. भोरच्या पेठेत आमचं तीन पिढ्यांचं दुकान होतं. त्रेसष्ट साली सुवर्ण नियंत्रण आलं, बावीस कॅरटचं काम बंद पडलं, आणि मी गावोगावची जुनी सोन्याची नाणी शोधून पुण्यातल्या एका निवृत्त इंजिनिअरसाहेबांना देऊ लागलो. साहेबांना नाण्यांचं भारी वेड.

एकदा ते घरी चहाला आले आणि त्यांना सरोजच्या गळ्यातली पुतळी दिसली.

सरोज माझी दुसरी बायको. पहिली, शुभा, बाळंतपणात गेली. आमच्यात दुसरी बायको पहिलीच्या नावानं गळ्यात पुतळी घालते. नवं लुगडं, ताटातला पहिला घास, सगळं आधी पुतळीला दाखवायचं, मग आपण घ्यायचं. ही पुतळी शुभाच्याच माळेतली, कधीकाळी गलबतातून आलेली परदेशी मोहोर. तिच्यावर एक संत उभा आणि पुढ्यात गुडघे टेकलेला राजा. आपल्याकडे त्यांनाच राम-सीता म्हणतात.

साहेबांनी तीच मागितली. मी घरातलं सोनं आटवून दुसरी पाडली. तोच ठसा, तोच कस, वजन बरोबर एकोणतीस गुंजा. सोनं ते सोनं, मेलेल्या माणसाला काय कळतंय, असं मला वाटलं. सरोज न्हायला गेली तेव्हा दोऱ्यात नवी ओवून ठेवली आणि जुनी साहेबांना दिली. तिला कळलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी ती भरल्या ताटावरून उठली.

"ताई घासच घेत न्हाईत," पुतळीवर बोट ठेवून म्हणाली. "त्यांच्या आधी म्या कसं जेवू?"

"ऊन लागलं असेल तुला."

"ऊन न्हाई वो."

डॉक्टरांना काही सापडलं नाही. उजळायच्या निमित्तानं मी पुतळी काढून घेतली आणि तोलली. सव्वीस गुंजा. भिंगाखाली कड शाबूत, ठसा कोरा करकरीत. दुसरं सोनं घालून काटा तपासला, काटा बरोबर होता. आठ दिवसांनी पुन्हा तोलली. बावीस. सरोजच्या बांगड्या तोवर कोपरापर्यंत सरकत होत्या.

मी घाबरलो. सांगायला लाज वाटत नाही.

पुण्याला जाऊन साहेबांपुढं हात जोडले. त्यांनी एका शब्दानंही घासाघीस केली नाही, मोहोर माझ्या हातावर ठेवली.

"न्या," ते म्हणाले. "दुपार झाली की कपाटातून ताटवाटीचा आवाज येतो. मी एकटा राहतो हो."

संध्याकाळच्या एसटीनं परतलो आणि शुभाची पुतळी सरोजच्या गळ्यात बांधली. तिनं डोळे उघडले. पेज मागितली. वाटीभर प्याली. मी पोराटोरासारखा रडलो.

मग तिचं लक्ष माझ्या मुठीकडे गेलं. मी पाडलेली पुतळी तिनं सोडवून घेतली, पदरानं पुसली, उठून कुंकवाच्या जुन्या डबीत घातली आणि डबी देवघरात मागं सारली.

"मोडू नका," ती शांतपणे म्हणाली. "तिसरीला लागंल."

त्यानंतर सोळाव्या दिवशी सरोज गेली.

त्या डबीचं मी कुणालाच सांगितलेलं नाही.

पुढं कामथडीहून माझे सासरे, सरोजचे वडील चिमाजी, यांचं पत्र आलं. सरोजच्या धाकट्या बहिणीला, अंबूला, करून घ्या, म्हणत होते. मी नकार कळवला. त्यांनी पुन्हा लिहिलं, मी पुन्हा नकार कळवला.

काल तिसरं पत्र आलं.

'रविवारी मुलीला घेऊन येत आहोत. आम्ही पुष्कळ समजावलं, पण तीच हट्टाला पेटली आहे. काय विचारते ते आम्हांस उमगत नाही, तुम्हांस उमगेल म्हणून लिहितो. म्हणते, दाजींनी माझी डबी जपून ठेवली आहे ना.'