अडतीसचे अडतीस

“मुलगा सालस आहे गं, पण रात्री एकटा असला की तो...”

घरमालकीणबाईंचं एवढंच बोलणं शिंप्याच्या कानावर पडलं. त्यानं मशीन थांबवून मान वर केली, तशी त्यांनी जावेला कोपरानं ढोसलं आणि दोघी शिवलेले कपडे घेऊन चालत्या झाल्या.

जरा जवळ सरका पोरांनो. हा शिंपी आमच्या भिंतीपलीकडचा. त्याच्या घरात काय शिजतंय ते आम्हाला त्याच्याआधी कळतं, तेव्हा ही ऐकीव गोष्ट समजू नका.

तो मुलगा म्हणजे शिंप्याचा होणारा जावई. औषधांच्या दुकानात कामाला, घरमालकीणबाईंच्या वरच्या खोलीत भाड्यानं. मागे-पुढे कुणी नाही, व्यसन नाही, आवाज कधी चढा नाही. शिंप्याची बायको गेलेली, घरात एकुलती एक लेक. तिनंच त्याला पसंत केलं होतं. लग्न पाच दिवसांवर. अशा वेळी असं अर्धं वाक्य म्हणजे चपलेतला खडा! रात्री एकटा असला की काय? पितो? कुणी येतं त्याच्याकडे?

“बाबा, कोटाचं माप मी आणते की घेऊन,” लेक म्हणाली.

“तू घेतलेल्या मापाचा कोट तुम्हा दोघांना मिळून घालावा लागेल,” असं म्हणून शिंपी टेप गळ्यात टाकून निघाला.

मंगळवार. रात्रीचे पावणेदहा. औषधांचं दुकान साडेनऊला बंद होई. शिंपी अरुंद जिना चढून वर आला. दार अर्धवट उघडं होतं. हाक मारणार, तोच थबकला.

मुलगा दिव्याखाली खुर्चीत बसला होता. हात मांड्यांवर. डोळे उघडे. एका डोळ्यावर माशी बसली होती. ती बुबुळावरून चालत चालत नाकाशी आली...

पापणी लवली नाही.

शिंपी खाकरला.

“या, या, मामा!” एकदम हसू. एकदम पापण्या, चार-पाच वेळा, भराभर. “दिवसभर उभं राहून डोकं बधिर होतं बघा.”

शिंप्याला हायसं वाटलं. दमलंय पोर, दुसरं काय. त्यानं खांदा मोजला, बाही मोजली, मग टेप छातीभोवती घेतली.

“श्वास घ्या, जावईबापू.”

अडतीस.

“सोडा.”

अडतीस.

“अहो, भरून घ्या! भर लग्नात कोट उसवला तर लोक मला हसतील, तुम्हाला नाही.”

अडतीस.

तीस वर्षांच्या धंद्यात असं झालं नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची छातीसुद्धा दोराभर हलते. शिंप्याची बोटं टेपवरच राहिली. खोलीत एकाच माणसाचा श्वास ऐकू येत होता.

त्याचा स्वतःचा.

मग टेप हलली.

चाळीस. बेचाळीस. पंचेचाळीस... सत्तेचाळीस...

शर्टाचं बटण तुटून भिंतीवर आपटलं.

“किती फुगवायची असते, मामा?” आवाज अगदी हळू. “मला... अंदाज येत नाही.”

शिंपी टेप सोडून दाराकडे सरकला.

“दिवसा जमतं. श्वास, पापण्या, मधूनच खोकला. समोरच्यानं जांभई दिली की आपणही द्यायची. एक क्षण विसरून चालत नाही. रात्री दार लावलं की मग... जरा सोडून देतो सगळं.”

“माझ्या पोरीला...”

“तिला काही माहीत नाही. तिच्या केसालाही धक्का लागणार नाही. झोपेतसुद्धा श्वास चालू ठेवायला शिकतोय मी. पण तुम्ही नको म्हणालात, तर...”

तो थांबला. बघत राहिला.

बघतच राहिला.

“नको,” शिंपी म्हणाला.

जिना कसा उतरला, त्याचं त्याला ठाऊक नाही. घरी येऊन दोन्ही कड्या लावल्या आणि लेकीला सांगितलं, लग्न मोडलं. तिनं कारण विचारलं नाही. रडली नाही. एवढंच म्हणाली, “तो घाबरला का हो, बाबा?”

सकाळी वरची खोली रिकामी होती. शुक्रवारी घरमालकीणबाई शिंप्याला घेऊन वर गेल्या, तेव्हा त्यांनी आपणहून ते वाक्य पुरं केलं.

“रात्री एकटा असला की तो पाठ केल्यासारखा हसायचा हो. मग शिंकायचा. मग परत हसायचा. मला तेव्हाच वाटलं, हा तुमच्या भोळ्या पोरीला फसवणार. सुटलात बाई!”

आरशाच्या मागे एक कागद खोचलेला होता. वहीचा, जुना, घडीवर विरलेला. त्यानं तो उलगडला. अक्षर लेकीचं होतं. वरच्या ओळी पेन्सिलीच्या, ती दुसरीत असतानाच्या वळणाच्या. आणि मुलगा तर या भागात येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली.

‘आई रडली की आपण पण रडायचं.’

‘पडलो की लगेच ओरडायचं.’

‘रात्री बाबा पांघरूण घालायला येतात तेव्हा डोळे मिटून ठेवायचे.’

सगळ्यात खाली एकच ओळ होती, शाईची, ताजी.

‘बाबा माप घेतील तेव्हा छाती दोनच बोटं फुगवायची.’